व्हर्डेल टॉलिव्हर हिच्या घराची, कुंपणाची आणि रविवारच्या जेवणाची व्यवस्था

लिहून ठेवणार: व्हर्डेल मे टॉलिव्हर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण, हल्ली खुर्चीत बसून इतरांच्या स्वयंपाकाला नावे ठेवणे, राहणार चौथी गल्ली, टर्नर्स बेंड, मिसिसिपी.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, हे मी विचारून घेतले आहे. हा कागद मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा कोणी पाय चेपून दिल्यामुळे लिहीत नाही. माझी भाची लॅवोन हिने काल पाय चेपले हे खरे, परंतु ती ते रोजच चेपते, आणि तिला काय मिळणार हे मी तिला आदल्या दिवशीच सांगून टाकले होते.

आमच्या घराण्यात मृत्युपत्र करायची पद्धत नाही. माझे आजोबा म्हणत, गोऱ्यांच्या कचेरीत आपले नाव गेले की त्यामागून जमीन जाते. त्यामुळे ते काही न लिहिता गेले, आणि माझे वडीलही काही न लिहिता गेले. मी लिहिते आहे याचे कारण एकच, माझा धाकटा भाऊ थॅडियस. तो सत्तावीस वर्षे राज्याच्या तुरुंगात आहे आणि येत्या सोळा मे रोजी पॅरोल मंडळापुढे, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटी घालून सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्यांपुढे, उभा राहणार आहे. बाहेर येऊन राहणार कुठे, याचा पक्का पत्ता नसेल तर मंडळ माणसाला सोडत नाही. त्याचा पत्ता म्हणजे मी आणि माझे घर. डॉक्टरांनी माझ्या स्वादुपिंडाचा फोटो पाहून 'उन्हाळ्यापर्यंत' असे सांगितले. कोणत्या, असे मी विचारले, तर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

मला मूलबाळ नाही. वकीलबाई मिस इमानी ब्रॅडशॉ म्हणतात की मी काही न लिहिता गेले तर घर चौदा वारसांचे होईल. त्यांतले सहा जण तुरुंगाचे पाणी पिऊन आलेले आहेत, म्हणजे पत्ता बाद, आणि थॅडियस आतच. तेव्हा आजोबांची क्षमा मागून पुढीलप्रमाणे.

कलम १. घर

चौथ्या गल्लीतले पिवळे घर, ओसरी, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचे न लागणारे दार यांसह, मी माझा भाऊ थॅडियस टॉलिव्हर यास देत आहे. हे घर मी शाळेतल्या पोरांना एकतीस वर्षे जेवू घालून घेतलेले आहे, त्यात वडिलोपार्जित काही नाही. घराच्या उजव्या अंगाची मोकळी जागा, पेकनच्या झाडासह, मात्र त्याला देत नाही. ती भाची लॅवोन हिला. यात भेदभाव नाही, त्यामागे कायदा आहे, आणि तो पुढच्या कलमात सांगते.

कलम २. रविवारचे जेवण

हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

तीन वर्षांपूर्वी थॅडियसची पहिली सुनावणी होती. मंडळाकडून एक कागद आला. सुटणारा माणूस ज्या घरी राहील, तिथे कोण राहते आणि नेहमी कोण येते-जाते, ते लिहा. ओळी चारच होत्या. आता आमच्या चर्चमध्ये रीत अशी आहे की माणूस साक्ष द्यायला उभा राहिला की त्याने हातचे काही राखायचे नाही. कुठे घसरलो, कसे सावरलो, सगळे सांगायचे, आणि जितके जास्त सांगाल तितका 'आमेन' मोठा. मी कागद त्याच रीतीने भरला. या माणसाला टाकलेला नाही, त्याची वाट बघणारे घर भरून आहे, हे मंडळाला दिसावे एवढाच माझा हेतू होता. माझ्याकडे दर रविवारी चर्चनंतर जेवायला येणारी सगळी नावे लिहिली. बावीस झाली. ओळी संपल्या म्हणून मागच्या बाजूला लिहिली, आणि प्रत्येकापुढे चार बरे शब्द. 'क्लीव्ह, चुलतभाऊ, चार वर्षे आत होता, आता उत्तम गवंडी, मॅकरोनी दोनदा घेतो.' 'मोझेल, मावशीची सून, खोट्या चेकपायी अकरा महिने, आता भजनात असा सूर लावते की माणसे रडतात.' असे नऊ जण निघाले. मला तर त्या यादीचा अभिमान वाटत होता.

मग घर तपासायला पॅरोल अधिकारी मिस्टर डर्बी आले. माणूस वाईट नव्हता. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी रताळ्याच्या पाईचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि यादी काढून नऊ नावांपुढे खुणा केल्या. मला वाटले, सुधारलेल्यांना शाबासकी देत आहेत.

"मिस टॉलिव्हर," ते म्हणाले, "पॅरोलवरच्या माणसाला शिक्षा झालेल्यांच्या संगतीत राहता येत नाही."

"अहो, मग आमच्या घरातला माणूस जेवायला बसणार कोणाबरोबर?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. बोट आधी माझ्याकडे केले, मग लॅवोनकडे, आणि मग टेबलाखाली झोपलेल्या मेजर कुत्र्याकडे. मी अजून साक्षीच्याच तंद्रीत होते. मी सांगून टाकले की मेजरलाही नगरपालिकेने दोन दिवस धरून नेला होता. मिस्टर डर्बींनी तेही लिहून घेतले.

मंडळाचे उत्तर आले: योग्य निवासस्थानाअभावी नामंजूर, पुढील सुनावणी तीन वर्षांनी. ती तीन वर्षे न्यायाधीशाने दिलेली नाहीत. ती मी दिली, माझ्या हाताने, माझ्या सुवाच्य अक्षरात. मी हे स्वतःला माफ केलेले नाही, आणि कोणी तसा सल्ला देऊ नये.

थॅडियसला मी फोनवर सांगितले. आतून पंधरा मिनिटे मिळतात.

"किती नावं लिहिलीस गं, डेल?"

"बावीस."

त्याने आकडा परत म्हणून पाहिला.

"बावीस माणसं येतात? अजून?"

"पाऊस असला तर एकोणीस."

"वाच बरं. सगळी वाच. सावकाश."

मी वाचली. दर नावाला तो थांबवायचा आणि विचारायचा की हा हल्ली काय जेवतो, जाड झाला का, हसताना अजून तोंडावर हात धरतो का. अठरा नावांत पंधरा मिनिटे संपली. उरलेली चार पुढच्या रविवारी वाचली. गेलेल्या तीन वर्षांबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही, नंतरही कधी बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

इथे एक गोष्ट नमूद करते. आमच्या गल्लीत अठरा घरे आहेत, आणि ज्या घरातला एकही पुरुष आत जाऊन आलेला नाही अशी चार. वर टेकडीवर गोऱ्यांची घरे आहेत. पोरे तिथलीही तेच ओढतात, तेच हुंगतात, कधीकधी एकाच माणसाकडून घेतात. पण पोलिसांची गाडी टेकडी चढत नाही. चढावर इंजिन तापत असावे. त्यामुळे टेकडीवर बावीस जण जेवायला जमले तर तो समारंभ होतो, आणि माझ्याकडे जमले तर ती संगत होते.

असो. आता व्यवस्था. घर थॅडियसचे, मोकळी जागा लॅवोनची, मध्ये कुंपण. रविवारी थॅडियस, लॅवोन आणि ज्यांच्या नावाला खूण नाही ते तेरा जण अलीकडे ओसरीवर बसतील. खुणा झालेले नऊ पेकनच्या झाडाखाली पलीकडे बसतील. जागेचे मालक दोन, जमिनीचे कागद दोन, जेवणावळी दोन. भांडी कुंपणावरून द्यावीत. मी वकीलबाईंना विचारले की मॅकरोनीचे पातेले कुंपणावरून देणे ही संगत होते का. त्या म्हणाल्या, नाही. मी विचारले, देताना 'गरम आहे, जपून' असे म्हटले तर? त्या म्हणाल्या, चालेल. आणि 'आईची आठवण येते का रे' असे म्हटले तर? तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मिस व्हर्डेल, हळू आवाजात म्हणा."

कुंपणाची उंची तीन फूट. कोणी ती वाढवली तर त्याचा या मृत्युपत्रातला वाटा रद्द. क्लीव्ह गवंडी आहे, त्याला भिंत घालायची हौस येईल, त्याने ती आवरावी. प्रार्थना एकच म्हणावी, दोन्हीकडे ऐकू जाईल अशी. मोझेलने म्हटली तर तिसऱ्या गल्लीतही ऐकू जाते.

कलम ३. बंदूक आणि सुऱ्या

पॅरोलवरच्या माणसाच्या घरात हत्यार नको. वडिलांची दुनळी बंदूक, जिने आयुष्यात एक खार मारली आणि तीही चुकून, ती पास्टरसाहेबांना. टर्की कापायची लांब सुरी लॅवोनच्या बाजूला राहील आणि टर्की कापूनच कुंपणावरून येईल. वडिलांची सुतारकामाची पेटी मात्र थॅडियसला. त्यात पटाशी आणि कानस आहेत, परंतु मी वकीलबाईंकडून लेखी घेतले आहे की सुताराच्या पेटीतली पटाशी ही पटाशीच असते. आत त्याने मंडळाच्या बैठकीचे टेबल दोनदा दुरुस्त केले आहे. त्याच टेबलाशी बसून त्याला नामंजूर केले.

कलम ४. पांढरा पोशाख

माझा पांढरा चर्चचा पोशाख, ज्याच्या मागच्या बाजूवर हिरव्या रंगाचे चार आडवे पट्टे आहेत, तो मिस्टर व्हिट कॅल्डवेल यांना देत आहे.

हे व्हिट म्हणजे टेकडीवरच्या औषधवाल्यांचे चिरंजीव. हल्ली घरांची दलाली करतात आणि गावातल्या दर पाटीवर त्यांचे दात दिसतात. एकोणीसशे शहाण्णवच्या जूनमध्ये, एकाच आठवड्यात, व्हिट आणि माझा थॅडियस असे दोघेही कोकेनसह सापडले. व्हिटजवळ जास्त होते. फरक एवढाच की व्हिटची पूड होती आणि थॅडियसचा खडा. खडीसाखर आणि पिठीसाखर एकाच उसाची, हे मी एकतीस वर्षे साखर हाताळलेली बाई सांगते, परंतु खड्याला जास्त शिक्षा देणाऱ्या कायद्याला ते कळले नाही. त्यात थॅडियसचे आधीचे दोन गुन्हे होते: एकोणिसाव्या वर्षी मोटारीतला रेडिओ, जो वाजत नव्हता, आणि पुढे दुकानातले एक कातडी जाकीट, जे त्याला होत नव्हते. त्याने चूक केली नाही असे मी म्हणत नाही. खडा त्याचाच होता आणि मी त्याच्या दोन थोबाडीतही मारल्या. पण तीन गुन्हे झाले की शिक्षा मोजून नाही, ओतून देतात. थॅडियसला पंचेचाळीस वर्षे झाली. व्हिटला समाजसेवा झाली. समाजसेवा म्हणजे कोर्टाच्या बाकांना हिरवा रंग लावणे.

तो रंग वाळला नव्हता. मी माझ्या भावाच्या खटल्याला, माझ्या सगळ्यांत चांगल्या पोशाखात, त्याच बाकावर तीन दिवस बसले. निकाल लागला तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि मला उठता येईना. लोकांना वाटले दुःखाने. दुःख होतेच, पण मी चिकटलेही होते. पोशाख मी धुतलेला नाही. मिस्टर कॅल्डवेल यांनी तो स्वीकारावा, घरी टांगून ठेवावा, आणि कोणी विचारले तर ही आपल्या हातची समाजसेवा आहे असे सांगावे.

कलम ५. बिडाचा तवा आणि डीकन गेन्स

माझ्या आजीचा बिडाचा तवा लॅवोनला. तो आमच्या चर्चचे कारभारी डीकन परसेल गेन्स यांच्या हाती पुन्हा पडू नये. दोन हजार नऊ साली चर्चच्या मासे तळण्याच्या कार्यक्रमाला त्यांनी तो मागून नेला आणि साबणाने घासून परत केला. ऐंशी वर्षांचे तेल त्या माणसाने एका दुपारी नाल्यात सोडले. तेव्हापासून मी त्यांच्याशी चर्चच्या दारात बोलते, आत बोलत नाही.

वकीलबाईंनी सांगितले की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. हे कळताच मी डीकन गेन्स यांना साक्षीला बोलावले.

त्यांच्यावर माझा आणखी एक राग होता, तो मात्र इथे मागे घेते. थॅडियसच्या खटल्यात दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या बारा पंचांत बसायला त्यांना बोलावणे आले होते. ते डबा घेऊन सकाळी आठला गेले आणि साडेनऊला डब्यासकट परत आले. मला वाटले, अंग काढून घेतले. सहा वर्षे मी तेच समजत होते. मग एकदा त्यांनी सांगितले. सरकारी वकिलाने विचारले होते, "चौथी गल्ली माहीत आहे का?" ते म्हणाले, "माहीत आहे, तिथेच राहतो." त्यावर त्यांना घरी जायला सांगितले. त्या दिवशी आमच्यातले अकरा जण तसेच घरी आले, कोणाला चुलत्याचे नाव विचारून, कोणाला चर्चचे. बाराच्या बारा पंच टेकडीवरचे बसले. यात डीकनसाहेबांचा दोष नव्हता. साबणाचा आहे.

कलम ६. शिल्लक

बँकेत जे असेल त्यातून दफनाचा खर्च करावा. पेटी साधी असावी. उरेल ते लॅवोनला, कारण गेली सोळा वर्षे दर महिन्याला तुरुंगापर्यंतचा एकशे चाळीस मैलांचा रस्ता तिच्याच गाडीने कापला आहे आणि मी शेजारी बसून फक्त गतीबद्दल तक्रार केली आहे. ही लॅवोनच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील. ती रविवारच्या शाळेत शिकवते, बेडकांना भिते, बाकी कोणाला भीत नाही.

कलम ७. मेजर

मेजर कुत्रा थॅडियसकडे राहील. त्याचा गुन्हा जुना आहे आणि त्यानंतर वर्तणूक चांगली आहे.

कलम ८. मी गेल्यावर

सोळा मेच्या आधी मरायचा माझा विचार नाही. तरीही तसे झाले तर सुनावणी होईपर्यंत मला बर्फात ठेवून फोनवर लॅवोनने माझा आवाज काढावा, असे मी आधी लिहिले होते. वकीलबाईंनी ते खोडायला लावले. त्याऐवजी असे लिहिते की मी गेले तर थॅडियसला पास्टरसाहेबांनी स्वतः जाऊन सांगावे, फोनवर नको, पंधरा मिनिटे पुरणार नाहीत. माझ्या दफनाला येण्यासाठी त्याने परवानगी मागू नये. आई गेली तेव्हा त्याने मागितली होती. उत्तर यायला नऊ दिवस लागले, उत्तर 'नाही' असे होते, आणि ते नऊ दिवस तो आईसाठी रडला नाही, कारण तो कागदाची वाट बघत होता. मी गेले तर त्याने त्याच दिवशी मोकळेपणी रडावे. माझा त्याच्यावर फार जीव आहे, हे त्याला माहीत आहे, तरी कायदेशीर कागदावर एकदा असावे म्हणून लिहिले.

कलम ९. शेवटचे

हे कलम वरच्या सगळ्या कलमांच्या विरोधात जाते, असे वकीलबाई म्हणाल्या. जाऊ दे.

सुटल्यावर थॅडियसला, चांगल्या वर्तणुकीची सूट धरून, पाच वर्षे पॅरोलवर काढावी लागतील. तोवर त्याने याच घरात राहावे, मिस्टर डर्बी आले की पाई द्यावी, आणि पलीकडच्यांशी बोलायचे ते पातेल्याबद्दलच बोलावे. पाच वर्षे पुरी झाली की दुसऱ्या दिवसापासून हे घर ठेवायचे, विकायचे, की दार उघडे टाकून चालू लागायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. लॅवोन, तू त्याला अडवायचे नाहीस. 'डेलने तुझ्यासाठी एवढं केलं' हे वाक्य कोणी उच्चारायचे नाही. त्याच्या मोटारीच्या मागे कोणाला पाठवायचे नाही, आणि मध्यरात्री फोन करून 'कुठे आहेस' असे विचारायचे नाही. रविवारी तो जेवायला आला नाही तर त्याचे ताट झाकून ठेवावे आणि आपण जेवून घ्यावे.

आत दिवसातून पाच वेळा मोजतात. माणसाने उठून उभे राहायचे आणि आपला नंबर सांगायचा. सत्तावीस वर्षे माझा भाऊ कुठे आहे हे राज्याला दर घडीला माहीत होते. त्याआधी आईला माहीत असायचे, आणि आता मीही त्याला एका पत्त्याला बांधते आहे, कारण दुसरा इलाज नाही. पण घर मी त्याला दिले आहे, त्याला घराला दिलेले नाही. थॅडियस टॉलिव्हर या वेळी कुठे आहे, हे पृथ्वीतलावर कोणालाही ठाऊक नाही, असा एक दिवस त्याला मिळावा. त्या एका दिवसासाठी बाकीची आठ कलमे आहेत.

हे सगळे मी वाचले, पुन्हा वाचले, आणि माझेच आहे म्हणून खाली सही केली.

(सही) व्हर्डेल मे टॉलिव्हर

आमच्यासमोर, लिहून ठेवणारीने पूर्ण शुद्धीत व नेहमीच्याच आवाजात वाचून दाखवून सही केली, म्हणून आम्ही साक्ष घालतो.

(सही) परसेल जे. गेन्स, डीकन
(सही) यूला प्रॅट, चर्चमधील गायिका

स्थळ: टर्नर्स बेंड, मिसिसिपी
दिनांक: सात मार्च, दोन हजार तेवीस